विकायच्या फ्लॅटवर किती खर्च करावा? साडेसात लाखांचं कोटेशन आणि लाखभराचं काम

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात कर्वेनगरला आई-वडिलांचा दोन बेडरूमचा फ्लॅट आहे. १९९६ सालची इमारत, पार्किंगवर चार मजले, लिफ्ट नाही, फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, कार्पेट साधारण ६४० चौरस फूट. फ्लॅट दोघांच्या नावावर होता, आई तीन वर्षांपूर्वी गेल्या. वडील आता मुलीजवळ ठाण्याला राहायला जाणार आहेत, भाऊ कॅनडात असतो आणि दिवाळीत येणार आहे. ओळखीच्या एका कॉन्ट्रॅक्टरने "घर नवं करून विका, दहा-बारा लाख जास्त येतील" असं सांगून ७.५ लाखांचं कोटेशन दिलंय. त्यात सगळीकडे नवी फरशी, मॉड्युलर किचन, दोन्ही बाथरूम तोडून नव्या आणि हॉलला फॉल्स सीलिंग आहे. एका बेडरूमच्या भिंतीला ओल येते. खर्च करावा का, आणि करायचाच तर किती?

ताई, हे कोटेशन मंजूर करू नका. मी पुण्याच्या या पट्ट्यात, म्हणजे कोथरूड, कर्वेनगर, वारजे, सिंहगड रोड इथे रिसेलचंच काम करतो. विकण्याआधी केलेल्या नूतनीकरणाचे पैसे मालकाला पूर्ण परत मिळाले, असं फार क्वचित पाहायला मिळतं. तुमच्या घराला खर्चाची गरज आहे, पण ती लाख-सव्वा लाखाची. शिवाय त्यातला महत्त्वाचा भाग कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये नाहीच.

आधी पैशाचं गणित बघा. तुमचा फ्लॅट घेणारा माणूस बहुधा कर्ज काढूनच घेणार. बँक आपला व्हॅल्युअर पाठवते. तो टेप लावून माप घेतो, इमारतीचं वय, मजला, लिफ्ट आणि रस्ता बघतो, आजूबाजूचे झालेले व्यवहार बघतो आणि आकडा काढतो. किचनच्या ट्रॉल्या किंवा सीलिंगमधले दिवे त्याच्या आकड्यात जवळपास धरलेच जात नाहीत. समजा त्याने ८५ लाख काढले. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जाला रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या ८० टक्क्यांची आहे, म्हणजे कर्ज जास्तीत जास्त ६८ लाख. उरलेले १७ लाख ग्राहकाने घालायचे. वर पुणे महापालिका हद्दीत ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे ५ लाख ९५ हजार, आणि नोंदणीचे ३० हजार. घर स्त्रीच्या नावावर घेतलं तर शुल्क एक टक्का कमी. एकूण सव्वातेवीस लाख त्याच्या हातात रोख असायला हवेत, दलाली वेगळी.

आता तुम्ही नूतनीकरण करून किंमत ९३ लाख केलीत. व्हॅल्युअरचा आकडा ८५च राहतो, कर्जही ६८च राहतं. वरचे ८ लाख आणि त्यावरचं ५६ हजार मुद्रांक शुल्क पूर्णपणे ग्राहकाच्या खिशातून जातं. नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याकडे एवढी जास्तीची रोकड नसते. ज्यांच्याकडे असते ते म्हणतात, एवढ्यात लिफ्टची इमारत बघू. शिवाय नवीन मालक स्वतःच्या आवडीने किचन करणारच असतो. तुम्ही बसवलेला लॅमिनेटचा रंग त्याच्या बायकोला आवडला नाही, तर तुमचे अडीच लाख तिथेच संपले.

ग्राहक सजावटीचे पैसे सहसा देत नाही, पण मनात शंका आली की किंमत कापतो. भिंतीवर ओल दिसली की दुरुस्तीला लागतील ४० हजार आणि तो मागेल ३ लाख कमी, कारण आत काय आहे हे त्याला कळत नसतं. कागद अपुरे दिसले की तो किंमत विचारतच नाही, दुसरा फ्लॅट बघायला जातो. म्हणून प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न विचारा: याने बघणाऱ्याची शंका जाणार आहे का? जाणार असेल तर करा.

एक रुपयाही खर्च करण्याआधी सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटा आणि रीडेव्हलपमेंटचं काय चाललंय ते विचारा. तुमच्या भागात नव्वदीच्या दशकातल्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींमध्ये हा विषय बहुतेक वार्षिक सभांमध्ये निघतोच. नुसती चर्चा असेल तर फारसा फरक नाही. पण सभेत ठराव झाला असेल, सल्लागार नेमला असेल किंवा बिल्डरांकडून ऑफर मागवल्या असतील, तर तुमच्या फ्लॅटची किंमत फरशीवर नाही, मिळणाऱ्या जादा क्षेत्रफळावर ठरेल. अशा वेळी आतली सगळी कामं सोडून द्या, फक्त घर स्वच्छ करा. इतिवृत्ताची प्रत आणि कन्व्हेयन्स (जमिनीची मालकी बिल्डरकडून सोसायटीच्या नावावर होणं) झालंय की नाही याची माहिती हातात ठेवा. ग्राहकही वेगळा येईल, कदाचित गुंतवणूक म्हणून घेणारा.

आता कागद. हे मी रंगाच्या आधी लिहितोय, कारण याला वेळ सगळ्यात जास्त लागतो.

फ्लॅट दोघांच्या नावावर होता. आईंनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांचा अर्धा हिस्सा कायद्याने बाबा, तुम्ही आणि भाऊ यांच्यात सारखा वाटला जातो. म्हणजे आज घराचा दोन तृतीयांश हिस्सा बाबांचा, एक षष्ठांश तुमचा आणि एक षष्ठांश भावाचा आहे. सोसायटीच्या नॉमिनेशनमध्ये बाबांचं नाव असलं आणि शेअर सर्टिफिकेटवर फक्त त्यांचं नाव चढलं, तरी नॉमिनी हा मालक होत नाही. बऱ्याच घरांत इथेच गैरसमज असतो. सोसायटीने नाव लावलं म्हणजे काम झालं असं वाटतं, आणि मग ग्राहकाच्या बँकेचा वकील सर्च रिपोर्ट (मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी) करताना विचारतो, बाकीचे वारस कुठे आहेत?

सरळ रस्ता असा की तुम्ही आणि भाऊ दोघांनी बाबांच्या नावे हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि ते दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवायचं. नुसती नोटरी चालत नाही. त्यानंतर बाबा एकटे मालक म्हणून विकू शकतात. भाऊ अनिवासी असल्यामुळे हे तुमच्या बाबतीत जास्तच महत्त्वाचं आहे. एरवी ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीच्या घराला ग्राहक एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या आयकरापोटी) कापतो आणि विषय संपतो. विकणाऱ्यांत अनिवासी माणूस असला की त्याच्या हिश्श्याला वेगळे नियम लागतात, दर बराच जास्त असतो. सामान्य ग्राहक आणि त्याचा सीए दोघेही या भानगडीला बिचकतात. भाऊ दिवाळीत येतोय तर त्याच आठवड्यात नोंदणीची वेळ घेऊन ठेवा, मसुदा आत्ताच वकिलाकडून तयार करून घ्या. त्याचं येणं रद्द झालं तर तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित केलेलं कुलमुखत्यारपत्र मागवावं लागेल. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांत इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं, हे विसरू नका.

भावाशी आधी मोकळेपणी बोला. हक्कसोड झाल्यावर येणारे पैसे कायद्याने एकट्या बाबांचे होतात. त्याला हे पूर्ण माहीत असावं आणि मान्य असावं. हे बोलणं फोनवर घाईत उरकण्यासारखं नाही.

बाकीची फाइल अशी लावा: बिल्डरबरोबरचा मूळ करारनामा, त्याची नोंदणी पावती आणि इंडेक्स टू (नोंदलेल्या व्यवहाराचा सरकारी उतारा), पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा दाखला, शेअर सर्टिफिकेट, मिळकतकराची आणि महावितरणच्या बिलाची ताजी पावती, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला, आईंचा मृत्यूचा दाखला. जुनं कर्ज फेडलं असेल तर बँकेचं कर्ज फिटल्याचं पत्रही हवं. ते सापडत नसेल तर आत्ताच अर्ज करा, कारण जुन्या शाखा विलीन झाल्या असतील तर फेऱ्या माराव्या लागतात. मूळ करारनामा हरवला असेल तर पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, अशी वाट आहे. त्यात महिना-दीड महिना सहज जातो.

हॉलची बाल्कनी आत घेतलेली आहे का? त्या काळच्या इमारतींत बहुतेकांनी घेतली आहे. मंजूर नकाशात ती बंदिस्त दाखवली असेल तर तो नकाशा फाइलला लावा. नसेल तर आता भिंत परत बांधायला जाऊ नका, पण ग्राहकाला पहिल्या भेटीतच सांगा. व्हॅल्युअर ते क्षेत्रफळ धरणार नाही, आणि टोकन (बयाणा) झाल्यावर ते कळलं तर व्यवहार कडवट होतो. पार्किंगचंही तसंच. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय. त्यामुळे "आम्ही पार्किंग विकत घेतलं होतं" यापेक्षा सोसायटीचं वाटपपत्र उपयोगी पडतं.

हस्तांतराच्या वेळी सोसायटी काय घेऊ शकते तेही माहीत असू द्या. हस्तांतर फी ५०० रुपये आणि महापालिका हद्दीत प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये, ही शासनाने घातलेली मर्यादा आहे. त्यावर 'ऐच्छिक देणगी' मागतात तेव्हा ती खरोखरच ऐच्छिक असते. ही रक्कम कोण भरणार, तुम्ही की ग्राहक, हे किंमत ठरतानाच बोलून घ्या.

आता ओल. तुमच्या लिहिण्यावरून ही भिंत बेडरूम आणि बाथरूम यांच्यामधली दिसते. ओल जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत चढली आहे आणि रंगाचे पापुद्रे सुटून खाली पांढरी पूड पडते आहे. हे पावसाचं लक्षण नाही, आतल्या पाण्याचं आहे. पावसाची ओल बाहेरच्या भिंतीला, बहुतेक खिडकीच्या कोपऱ्यात किंवा स्लॅबच्या खाली येते आणि उन्हाळ्यात सुकते. तुमची बाराही महिने असेल तर कारण बाथरूममध्येच आहे. हा फरक पैशाच्या दृष्टीनेही महत्त्वाचा. सोसायटीच्या उपविधींप्रमाणे (नियमांप्रमाणे) पावसाची गळती आणि सामाईक पाइपची गळती सोसायटीने दुरुस्त करायची असते, घरातल्या नळ-मोरीची आपण. बाहेरच्या भिंतीचा भाग असेल तर सोसायटीला लेखी पत्र द्या आणि पोच घ्या.

बाथरूम तोडण्याआधी कारण शोधा. नहाणी ट्रॅपच्या (फरशीतलं पाणी जायच्या भोकाच्या) तोंडात कापडाचा घट्ट बोळा बसवा, फरशीवर इंचभर पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने पातळीची खूण करा आणि २४ तास बाथरूम वापरू नका. एवढं पाणी उंबऱ्याबाहेर जाणार नाही याची मात्र आधी खात्री करा. दुसऱ्या दिवशी पातळी लक्षात येण्याइतकी खाली गेली, किंवा खालच्या मजल्यावरच्यांच्या छताला डाग धरला, तर पाणी फरशीच्या सांध्यांतून किंवा ट्रॅपच्या कडेने जातंय. पातळी तशीच राहिली तर संशय भिंतीतल्या पाइपवर. तुमच्या इमारतीच्या काळात जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप भिंतीत गाडायचे, आणि तीस वर्षांत ते गंजतात. सकाळी पहिलं पाणी तपकिरी येतं का बघा. प्लंबरकडून लाइनची प्रेशर टेस्ट करून घ्या. पंपाने दाब देऊन काटा खाली येतो का ते अर्ध्या तासात कळतं.

सांधे खराब असतील तर जुना सिमेंटचा भराव खरवडून काढायचा, सांधे पूर्ण कोरडे होऊ द्यायचे आणि एपॉक्सी ग्राउट भरायचं. ट्रॅपच्या भोवतीची एक-दोन लादी काढून तिथे वॉटरप्रूफिंग नव्याने करायचं. एका बाथरूमला मजुरीसकट आठ-दहा हजारांत होतं. पाइप गेला असेल तर भिंत फोडत बसू नका. जुनी लाइन बंद करून सीपीव्हीसीची (प्लास्टिकच्या पाइपची) नवीन लाइन वरून फिरवून घ्या, तेही पंधरा हजारांच्या आसपास. दोन्ही गोष्टी निघाल्या तरी तीस हजारांच्या आत काम बसतं. आकडे ढोबळ आहेत, पण दोन प्लंबरांना बोलावलंत तर याच्या आसपासच येतील. पूर्ण बाथरूम तोडण्याच्या दीड-दोन लाखांशी तुलना करा.

त्यानंतर घाई करू नका. पाणी बंद झालं तरी भिंत सुकायला वेळ लागतो. सुटलेलं प्लास्टर टिचवून काढा आणि भिंत तीन आठवडे उघडी ठेवा. पंखा लावा, कपाट सरकवून ठेवा. मग हातभर लांबीरुंदीचं प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने लावून दोन दिवस ठेवा. प्लास्टिकच्या आत घाम धरला नाही तर भिंत रंगाला तयार आहे. ओल्या भिंतीवर पुट्टी मारून रंग दिला की महिन्याभरात फुगे येतात, आणि ते नेमके ग्राहक दुसऱ्यांदा बघायला येतो तेव्हा दिसतात.

आणि ही दुरुस्ती लपवू नका. "इथे ओल होती, असं काम केलं, हे बिल" एवढं सांगितलं की बघणारा निवांत होतो. कपाट उभं करून किंवा वॉलपेपर लावून ओल झाकलेली घरं मी ओळखतो, आणि आता ग्राहकही ओळखतात. ते कपाटामागे मोबाइलचा टॉर्च मारतात. पुढच्या जूनमध्ये कोणाच्या तरी लहान मुलाच्या खोलीत बुरशी यावी, असं घर विकू नये.

रंग मात्र पूर्ण घराला द्या. एवढ्या खर्चात घर एवढं बदलणारं दुसरं काम नाही. रंगाचं क्षेत्रफळ कार्पेटच्या तीन ते साडेतीन पट धरतात, म्हणजे तुमच्याकडे दोन हजार चौरस फुटांच्या आसपास. साधं इमल्शन, दोन हात, जिथे लागेल तिथे पुट्टी: चाळीस हजारांच्या आसपास बसेल. भिंतींना ऑफ-व्हाइट आणि छताला पांढरा, सगळ्या खोल्यांत तोच. एका भिंतीला गडद रंग किंवा टेक्स्चर सुचवतील, नाही म्हणा. महागडं रॉयल फिनिशही नको. भिंतीचे उंचवटे त्यात जास्तच दिसतात. रंगाऱ्याला खिडक्यांचे ग्रिल आणि दारांच्या चौकटी ऑइल पेंटने मारायला त्याच ठरावात सांगा, नंतर वेगळे पैसे मागतात.

बाथरूमची दारं खालून कुजली असतील, त्या वयाच्या घरात असतातच. पीव्हीसीची नवीन दारं बसवा. पिवळी पडलेली स्विचची बटणं आणि प्लेट्स बदला. बोर्डात ईएलसीबी (विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियन आलाच आहे तेव्हा बसवून घ्या. गळके नळ, लटकलेला फ्लशचा हँडल, करकरणारी बिजागरी, खिडकीच्या अडकणाऱ्या स्लायडिंग पट्ट्या, फाटकी मच्छरजाळी ही सगळी कामं मिळून वीस-पंचवीस हजारांची, दारं धरून. बघायला आलेला माणूस हातानेच घर तपासतो: नळ सोडतो, कडी लावतो, सिंकखालचं दार उघडतो. तीन गोष्टी अडकल्या की उरलेलं घरही हेळसांडीचं वाटायला लागतं.

ओट्याचा ग्रॅनाइट चांगला असेल तर किचनला हातच लावू नका. चिमणीच्या जाळ्या आणि शेगडीमागच्या टाइल्स गरम पाणी आणि सोड्याने घासून घ्या, सिंकच्या कडेचं सिलिकॉन नवीन भरा. ट्रॉल्यांचे रनर अडकत असतील तेवढे बदला.

फरशी मोझॅकची आहे असं धरतो. ती राहू द्या. तिच्यावर ॲसिड कधीही टाकू देऊ नका. सफाईवाले पटकन ओततात आणि त्याने सिमेंट आणि संगमरवराचे तुकडे खाल्ले जाऊन चकाकी कायमची जाते. सामान कमी झाल्यावर मशीन पॉलिश करता येतं, पंधरा-वीस हजार लागतील. पण चिखल खूप होतो आणि ते रंगाच्या आधी करावं लागतं. केलं तर छान दिसेल, नाही केलं तर त्यावाचून गिऱ्हाईक जाणार नाही.

शेवटी पाच-सहा हजारांत पूर्ण घराची सफाई करून घ्या. खिडक्यांच्या काचा, पंखे, माळ्याच्या कडा सगळं आलं पाहिजे.

या खर्चाबद्दल करासाठी एवढं लक्षात ठेवा: रंग आणि किरकोळ दुरुस्ती नफ्यातून वजा होत नाही, दलाली होते. फ्लॅट १ एप्रिल २००१ च्या आधीचा आहे, म्हणून त्या दिवशीची बाजारकिंमत धरता येते. बाबा ठाण्याला दोन वर्षांच्या आत घर घेणार असतील तर सवलतही आहे. सीएला हे टोकन घेण्याआधी दाखवा.

सामानाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण ६४० फुटांच्या घरात जागा मोठी दिसायला हेच सगळ्यात जास्त कामी येतं आणि याला पैसे लागत नाहीत. माळे रिकामे करा. हॉलमधलं एक कपाट आणि जास्तीच्या खुर्च्या काढा. बाल्कनीतल्या रिकाम्या बरण्या, जुना कूलर, बंद सायकल भंगारात द्या. बघणारे माळ्याची दारं उघडून बघतात, आणि माळा भरलेला असला की घर अपुरं पडतंय असा त्यांचा समज होतो. आईंच्या वस्तूंना मात्र वेगळा वेळ द्या. तुम्ही दोन दिवस येऊन बाबांच्या सोबत बसून आवरा. हे काम त्यांच्या एकट्यावर टाकू नका आणि सफाईवाल्यांच्या दिवशी तर अजिबात करू नका. देवघर आहे तसं राहू द्या.

बाबा तिथे राहत असताना घर दाखवायचंय, तेव्हा रोज कोणीही कधीही आलं असं होऊ देऊ नका. एजंटला स्पष्ट सांगा: शनिवार-रविवार सकाळी दहा ते एक, आधी फोन करून. त्या वेळी दिवे सगळे लावलेले, खिडक्या उघड्या, दोरीवर कपडे नाहीत. जिन्यातला दिवा चालू आहे ना तेही बघा. बाबांनी शेजार, पाणी किती वेळ येतं, भाजी कुठे मिळते हे भरपूर सांगावं. तीस वर्षं राहिलेल्या माणसाच्या बोलण्यावर लोकांचा विश्वास बसतो. किमतीचा विषय निघाला की "मुलीशी बोला" एवढंच. वयस्कर माणसाला एकट्याला गाठून भाव पाडायचा प्रयत्न होतो, तो इथेच थांबतो.

किंमत ठरवताना जाहिरातींतले आकडे धरू नका, ती मागणी असते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये तुमच्या इमारतीचे आणि गल्लीतले गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू बघा. प्रत्यक्ष नोंदलेली किंमत तिथे दिसते. त्यावर तीन-चार टक्के बोलणीसाठी ठेवा, जास्त नको. सहा महिने जाहिरातीत राहिलेला फ्लॅट पाहिला की लोक आधी "का गेला नाही?" असंच विचारतात.

वेळ तुम्हाला नेमकी सापडली आहे. गणपती झाल्यावर पितृपक्षात टोकन द्यायला फारसं कोणी येत नाही. ते पंधरा दिवस रंगाला आणि सफाईला वापरा. त्यासाठी प्लंबरचं काम श्रावणातच व्हायला हवं, म्हणजे भिंत सुकायला पुरेसा अवधी मिळेल. घटस्थापनेपासून घर दाखवायला लागा, दसऱ्याला ग्राहक हलतो. टोकन दिवाळीआधी घेतलंत तरी चालेल. फक्त पावतीत स्पष्ट लिहा की हक्कसोडपत्राची नोंदणी अमुक तारखेपर्यंत होईल आणि साठेखत (विक्रीचा करार) त्यानंतर. ग्राहकापासून हे झाकून टोकन घेऊ नका.

टोकन चेकने किंवा ऑनलाइन घ्या, बाबांच्या खात्यात. सगळी रक्कम व्यवहारात दाखवायची हे पहिल्याच बैठकीत सांगून टाका. ताब्याची तारीख ठरवताना ग्राहकाच्या घाईपेक्षा बाबांची सोय बघा. शेवटचा हप्ता मिळाल्यानंतर तीस ते पंचेचाळीस दिवसांनी ताबा, असं साठेखतात लिहून घेतलं तर ठाण्याचं घर लागेपर्यंत त्यांना भाड्याच्या घरात जावं लागणार नाही. बहुतेक ग्राहक हे मान्य करतात, कारण त्यांनाही आपल्या भाड्याच्या घराला महिनाभराची नोटीस द्यायची असते.

कॉन्ट्रॅक्टर ओळखीचा आहे म्हणता, तर त्याला फक्त ओल, बाथरूमची दारं आणि रंग एवढ्याचं वेगळं कोटेशन मागा. बाकीच्यातलं एखादं काम त्यात घुसवून दिलं तर ते खोडून परत पाठवा.